बेअरिंग ठोकायची वस्तू नव्हे

पुढच्या चाकातून घूं घूं ऐकू येऊ लागली की वाणगावचा गाडीवाला पहिला दोष रस्त्याला देतो. त्यात तथ्य आहे. पावसाळ्यात खड्ड्यांतून पाणी साचते, तापलेला हब त्यात बुडाला की थंड होताना आतली हवा आकसते, झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते, ग्रीस खराब होते आणि छर्‍यांच्या वाटेवर गंज चढतो. पण नवे बसवलेले बेअरिंग वर्ष न उलटता पुन्हा वाजू लागले, तर केवळ रस्त्याकडे बोट दाखवून कसे भागेल? तिथे संशय हातोड्यावर घ्यायला हवा. बेअरिंगच दोषी आहे याची खात्री झाल्याशिवाय ते बदलू नये आणि बदलायचेच तर ठोकून बसवू देऊ नये.

हातोड्याची सवय लागली ती जुन्या यंत्रांमुळे. जीप किंवा ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात निमुळत्या रोलरचे, सुटे होणारे बेअरिंग असते. ते उघडायचे, ग्रीस भरायचे, नट आवळून प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढायचा. त्याची बाहेरची रिंग पितळी दांडा लावून ठोकली तरी चालते, कारण त्या वेळी रोलर तिच्यात नसतातच. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत मात्र दोन ओळी छर्‍यांचे सीलबंद बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे हबला धरून ठेवणाऱ्या भागात, घट्ट बसवलेले असते. त्याच्या चुकीच्या रिंगवर घाव पडला की तो छर्‍यांमधून पलीकडच्या रिंगवर जातो आणि वाटेवर बारीक खळगे पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, काही महिन्यांनी कानाला कळतात. तोवर मधे एक पावसाळा गेलेला असतो, त्यामुळे हातोडा निर्दोष सुटतो. ‘आम्ही वर्षानुवर्षे असेच बसवतो’ हा दावा त्यामुळेच टिकतो. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. अशा अनेक गाड्यांच्या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते. ती बाजू उलटी बसली किंवा ठोकताना पट्टीला इजा झाली, तर एबीएसचा दिवा विझत नाही.

पण बेअरिंग बदलण्याआधी निदान. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर घ्यावा. रस्ता बदलताच आवाजही बदलत असेल तर बहुधा टायर असमान झिजले आहेत. पुढचे मागे लावून पाहिले की उलगडा होतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट ऐकू आली तर तो एक्सलच्या जॉइंटचा मामला. मग गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावावा, चाक वर-खाली धरून हलवावे आणि दुसर्‍याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबताच प्ले गेला तर बेअरिंग, नाही गेला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन तपासावे. प्ले नसला तरी बेअरिंग बरे आहे असे मात्र नाही: चाक हाताने फिरवताना स्प्रिंगवर बोटे ठेवली तर खरखर जाणवते. एवढे न करता ‘दोन्ही बाजू बदलून टाकू’ म्हणणे म्हणजे गिर्‍हाइकाच्या खिशातून अंदाज बांधणे.

ठोकण्याऐवजी बेअरिंग दाबून बसवणारा हायड्रॉलिक प्रेस छोट्या गॅरेजला परवडत नाही, ही अडचण खरी आहे. पण प्रत्येक गॅरेजात प्रेस हवाच असे कुठे आहे? नकल सोडवून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये नेता येते; पुढचेच स्टेशन बोईसर, शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत. त्यात स्टेशन ते पाडा अशा फेर्‍या मारणार्‍या व्हॅनचा दिवस बुडतो, हेही खरे. तेच काम वर्षभरात पुन्हा निघाले की दुसरा दिवस बुडतो, शिवाय बेअरिंगचे पैसे वेगळे. प्रेससुद्धा आंधळेपणाने मारून चालत नाही: बेअरिंग नकलमध्ये जाताना जोर बाहेरच्या रिंगवर, हब आत जाताना आधार आतल्या रिंगला. काही गाड्यांत हब आणि बेअरिंग एकत्र बोल्टने बसते, तिथे प्रेसचा प्रश्नच उरत नाही. एक्सल नट मात्र नवा घ्यावा आणि टॉर्क रेंचने कंपनीने सांगितला तेवढाच आवळावा.

पासिंगच्या भरवशावर राहू नये. प्रवासी व्हॅनची तपासणी आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि पुढे दरवर्षी होते. वाजणारे बेअरिंग तेवढी वाट पाहत नाही. ढिल्या हबमुळे डिस्क डगमगते, ब्रेक पॅड मागे ढकलले जातात आणि पेडल खोल जाते. चारोटीला महामार्गावर चढल्यावर हे कळून उपयोग नाही. म्हणून चावी देण्याआधी मेकॅनिकला विचारा, प्रेस कुठे मारणार? ‘इथेच ठोकतो’ म्हणाला तर नकल बाहेर पाठवायला सांगा आणि त्याची जादा मजुरी कुरकुर न करता द्या.