पिल्लाची मान आणि माझं शहाणपण

आपल्या ग्रुपवर वाड्यांच्या, गणेशोत्सवाच्या, मेळ्याच्या आठवणी येत असतात. मी आज कोंबडीच्या पिल्लांवर लिहितोय. हसू नका. आमच्या लष्करातल्या घरात अंडं उकडायचं भांडंसुद्धा वेगळं असायचं, तिथे पिल्लं कुठून येणार! पण दोन वर्षांपूर्वी नातू ठेलेवाल्याकडून दोन रंगीत पिल्लं घेऊन आला, एक गुलाबी, एक हिरवं. ही बहुतेक नर असतात. अंड्यांच्या जातीत नराला भाव नाही, म्हणून ती स्वस्तात जातात आणि रंगवून मुलांना विकली जातात.

चौथ्या दिवशी हिरव्याने गुलाबीला शेपटीपाशी टोचून रक्त काढलं. सगळे घाबरले, मी नाही. १९८० नंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात कोंबडीपालनाची कितीतरी कर्जप्रकरणं माझ्या सहीने गेली होती. एका कर्जदार बाईंच्या अंगणात पाहिलेलं आठवलं. जखमी पिल्लू आधी वेगळं काढलं, कारण रक्त दिसलं की बाकीची तिथेच टोचत राहतात. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुतली. बाई हळद लावायच्या, मी पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून लावलं. खोक्याच्या एका बाजूला बल्ब टांगला. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३५ अंश ऊब लागते, आणि फार गरम झालं तर सरकायला दुसरी बाजू मोकळी हवी. खाली अंथरलेलं वर्तमानपत्र काढून गोणपाट घातलं, कारण गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात. आठवड्याभरात खपली धरली. घरात माझं कौतुक झालं.

आणि इथेच घोडं पेंड खाल्लं. पुढच्या आठवड्यात हिरव्याची मान एका बाजूला वळली. "पडलं असेल, लचक भरली असेल," असं म्हणून मी दोन दिवस तेल चोळत बसलो. दाण्यावर चोच नीट पडेना. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, काका, ही दुखापत वाटत नाही. मान अशी वळते ती राणीखेतमध्ये, नाहीतर जीवनसत्त्व कमी पडल्याने. जीवनसत्त्वाचं असेल तर वेळेवर औषध दिल्यास पिल्लू सावरू शकतं. राणीखेतला मात्र औषध नाही, आधीच दिलेली लस हाच उपाय. आपलं यातलं कुठलं, हे कळायच्या आत पिल्लू गेलं. गुलाबी वेगळ्या खोक्यात होतं, ते वाचलं.

नातवाने विचारलं, "आबा, पहिल्याच दिवशी का नाही नेलं?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर हे की वीस रुपयांचं पिल्लू घेऊन डॉक्टरकडे जायची मला लाज वाटली. त्या कर्जदार बाई तशाच एका पिल्लासाठी चार मैल चालत पशुवैद्याकडे गेल्या होत्या. तेव्हाही मी मनात म्हटलं होतं, एवढ्याशा पिल्लाचं काय! त्यांना हप्ता फेडायचा होता. मला नुसती सही करायची होती.

म्हणून माझं स्पष्ट मत. घरचा उपचार जरूर करा, पण डोळ्यांना दिसणाऱ्या लहान जखमेपुरता. मान वळणं, पंख लुळा पडणं, एक पाय पुढे आणि एक मागे टाकून बसणं, याला मुका मार समजू नका. हे आजारही असू शकतात. एकदम दोन-चार पिल्लं मलूल झाली किंवा मेली तर उघड्या हातांनी उचलू नका, पशुपालन विभागाला कळवा. २०२०-२१ च्या हिवाळ्यात इंदूरला कावळे मरू लागले आणि बर्ड फ्लू निघाला, हे आठवत असेल.

आणि आपल्या डब्यातली दुखण्याची गोळी कधीही देऊ नका. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे, त्यांचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन देशातली गिधाडं संपत आली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. गिधाडाची ती गत, तर मूठभर पिल्लाचं काय?

झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आपल्यातलेही काहीजण शेतावर कोंबड्या ठेवू लागले आहेत. त्यांनी पिल्लं आणतानाच लसीचं विचारून घ्यावं. आणि नातवंडांना रंगीत पिल्लं शक्यतो घेऊन देऊ नका. दिलीत, तर दवाखान्याचा रस्ताही दाखवा. जीव घरात आणला की त्याची किंमत पावतीवर बघायची नसते, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

गुलाबीचा रंग पिसांबरोबर केव्हाच गेला. आता तो पांढरा कोंबडा एका मित्राच्या शेतावर आरवतो. तुमच्यापैकी कोणी पिल्लं वाढवली असतील तर अनुभव जरूर लिहा, चुकलेलेसुद्धा.