रब्बी ज्वारीचा वाण : उताऱ्याबरोबर भाकरीचाही विचार हवा

बारामती व इंदापूर तालुक्यांत कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला असला, तरी सुपे-मोरगावकडील व अन्य जिराईत भागांत रब्बी ज्वारी हा आजही घरच्या भाकरीचा व गोठ्यातील वैरणीचा आधार आहे. या पिकाचा वाण निवडताना एकरी उतारा किती, एवढाच प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. तो योग्य आहे, परंतु अपुरा आहे. दाण्याची प्रत आणि वाणांची विविधता यांचाही विचार त्याच्या जोडीने झाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मालदांडी ३५-१ हा वाण स्वातंत्र्यापूर्वी सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवड पद्धतीने काढण्यात आला. टपोरा, चमकदार दाणा, चांगला कडबा व अवर्षण सोसण्याची शक्ती या गुणांमुळे तो आजवर टिकून आहे. ही निवड शक्य झाली, याचे कारण शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या बियाण्यात निरनिराळ्या गुणांची ताटे एकत्र नांदत होती. सर्व ताटे एकसारखी असती, तर निवडावयाचे काय?

१९६४ साली सी.एस.एच.-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. त्याने खरिपातील उतारा वाढविला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तो लवकर पक्व होत असल्याने कणसे पावसात सापडत, त्यांवर बुरशी चढे व दाणा काळा पडे. अशा दाण्याची भाकरी घरात आवडेना आणि बाजारात भाव मिळेना. पोत्यांची संख्या वाढली म्हणजे पिकाचे मोल त्याच प्रमाणात वाढतेच असे नाही.

एकाच जातीच्या अनुवंशावर विसंबण्याचा धोका याहून मोठा आहे. १९७० साली अमेरिकेतील बहुतेक संकरित मक्यात एकाच प्रकारचे नरवंध्यत्व वापरलेले होते. नेमक्या त्याच मक्यावर करपा रोग तुटून पडला आणि एका हंगामात त्या देशाचे सुमारे १५ टक्के पीक गेले. आपल्याकडील खोडमाशी व खडखड्या यांनाही उद्या तोंड द्यावयाचे, तर प्रतिकारशक्तीचे गुण कोठेतरी जिवंत असले पाहिजेत.

याचा अर्थ सुधारित वाण टाळावेत असा नव्हे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा व भारी जमिनीसाठी फुले वसुधा असे वाण दिलेले आहेत. जमिनीच्या खोलीनुसार त्यांची निवड अवश्य करावी. मात्र हुरड्याची गूळभेंडी, कुचकुची किंवा दगडी यांसारखी जुनी ज्वारी ज्यांच्या घरी असेल, त्यांनी ती दोन-चार गुंठ्यांत वेगळी पेरून राखावी. ज्वारी बहुतांशी स्वपरागीत आहे. म्हणून तुकड्याच्या मध्यभागातील निरोगी, जातिवंत कणसे निवडून ती स्वतंत्र मळावीत व चांगली वाळवून ठेवावीत. पेरणीपूर्वी किलोस ४ ग्रॅम गंधक चोळल्यास काणीला आळा बसतो. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास बियाणे राखण्याचा, देवघेवीचा व आपल्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क दिलेला आहे. त्याचा लाभ घ्यावा.

शेवटी आम्हां कार्यकर्त्यांकडून अपेक्षा एकच. पीक-प्रात्यक्षिकाच्या दिवशी क्विंटलचा आकडा फळ्यावर लिहून आपण परततो. त्या आकड्याशेजारी आणखी तीन नोंदी असाव्यात : पीठ पाणी किती धरते, भाकरी थापताना चिरते काय आणि सकाळची भाकरी संध्याकाळी मऊ राहते काय. या परीक्षेस प्रयोगशाळा लागत नाही. गावातील भगिनींना परीक्षक म्हणून सन्मानाने बोलाविले, म्हणजे पुरे. ज्या वाणास त्या नापसंत करतील, तो शेतात कितीही डौलाने उभा राहिला तरी दुसऱ्या वर्षी पेरला जाणार नाही.