सर्व्हरमागची माणसे

निकालाचा दिवस जवळ आला की विद्यापीठाच्या संगणक कक्षातले दिवे रात्रभर जळत राहतात. संकेतस्थळ बंद पडले की विद्यार्थी, पालक, प्राचार्य सगळ्यांचे फोन एकदमच येतात. सुरळीत चालले तर त्या कक्षाची कोणाला आठवणही होत नाही. चूक झाली तरच दिसणारे हे काम. त्याचा ताण हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे मात्र क्वचितच मानले जाते.

मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, नवी प्रणाली शिकायची आणि निकालही वेळेत लावायचे, हे सारे एकाच हंगामात. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदत हुकली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. पुरेशी चाचणी न घेता नवी प्रणाली आणू नये, हा त्यातला तांत्रिक धडा. दुसरा धडा आरोग्याचा आहे. अशक्य मुदत वरच्या दालनात ठरते. तिची किंमत खालचा कर्मचारी झोप, रक्तदाब आणि चिडचिड यांतून मोजतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले. सततचा थकवा, कामाविषयी तुटलेपण आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, ही तिची तीन लक्षणे. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसोबत 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी, तर हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडून मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी अधिक असतो.

यावर वर्षातून एकदा योगशिबिर भरवणे पुरेसे नाही. योग चांगलाच, पण शिबिर संपल्यावर त्याच रात्री दोन वाजता फोन येणार असेल, तर उपचार चुकीच्या जागी चालला आहे. संघटनेची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वेही कामाची रचना सुधारण्यावर आणि वरिष्ठांच्या प्रशिक्षणावर भर देतात.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे बिनखर्चाचे आहे. परीक्षेच्या हंगामात नवी प्रणाली सुरू करू नये. रात्रीच्या फोनसाठी पाळ्या ठरवाव्यात आणि जागरणानंतर बदली सुट्टी द्यावी, कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही. प्रत्येक प्रणाली किमान दोघांना चालवता यावी, म्हणजे एकाचे आजारपण साऱ्या विद्यापीठाचे संकट ठरणार नाही. बिघाड झाला की ‘कोणी केले’ यापेक्षा ‘कशामुळे झाले’ हे आधी विचारावे. दोष अंगावर येण्याची भीती असेल, तर पुढची चूक लपवली जाते. रुग्णालयांनाही हे अनुभवातूनच शिकावे लागले आहे.

दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, कामावर जाण्याच्या विचारानेच छातीत धडधडत असेल, तर कर्मचाऱ्याने डॉक्टरांना भेटावे. ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. पण तो क्रमांक फिरवण्याची वेळच येऊ नये, ही जबाबदारी कुलगुरूंच्या दालनाची आहे. निकालाच्या आढावा बैठकीत ‘सर्व्हर तयार आहे का?’ हे विचारले जातेच. ‘माणसे झोपली आहेत का?’ हेही तिथेच विचारले जावे.