पाऊस येतो त्या वाटेने

आमच्या वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. पैनगंगेला पूर आला की तोच आमचा समुद्र. त्यामुळे बारावीतल्या पुतणीने परवा ‘मला अंटार्क्टिकाला जाणाऱ्या जहाजावर काम करायचंय’ म्हटले, तेव्हा घर आधी हसले, मग रागावले. ‘पोरीच्या जातीला हे झेपेल का?’ वहिनींनी विचारले.

मला नागपूरला जन्मलेल्या डॉ. अदिती पंत आठवल्या. डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या भारतीय स्त्री शास्त्रज्ञ. दक्षिणेकडे चाळीस अंश अक्षांश ओलांडले, की वादळी वारे जहाज सुपातल्या धान्यासारखे पाखडतात. तशातही पाण्याचे नमुने काढायचे, तापमान आणि क्षारता मोजायची, एकही नोंद चुकवायची नाही. पुढे बर्फाजवळ तर उन्हाळ्यात रात्रपाळीलाही सूर्य मावळत नाही!

या कामाला शौर्यापेक्षा चिकाटी जास्त लागते, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेकीला चिकाटी कोणी शिकवावी? मुलींना दोन-चार ठरावीक वाटाच दाखवून आपण त्यांचे नव्हे, आपलेच भय सांभाळत असतो.

तूर-सोयाबीनसाठी आपण ज्या मोसमी वाऱ्यांची वाट पाहतो, ते विषुववृत्तापलीकडच्या दक्षिण समुद्रावरूनच निघतात. वहिनींना मी एवढेच म्हटले, ‘पाऊस तिकडून येतो, मग आपली पोर तिकडे का जाऊ नये?’

त्या काही बोलल्या नाहीत. पण सोयाबीन विकल्यावर भौतिकशास्त्राच्या शिकवणीचे पैसे त्यांनी आधी बाजूला काढले.