मोळीचा माग मुलांना काढू द्या



सहकार म्हणजे काय, हे आपली मुले शाळेत पाठ करतात, मार्क मिळवतात आणि विसरतात. दोष त्यांचा नाही. ज्या घरात ऊस पिकतो, त्या घरातच हे कोणी उलगडून सांगत नाही.

सांगायला फार शहाणपण लागत नाही. या हंगामात आपल्या फडातल्या एका मोळीचा माग मुलांना काढू द्या. पीककर्ज गावच्या सोसायटीने दिले. तिला पैसा जिल्हा बँकेने पुरवला. कारखान्याने लागणीची नोंद घेतली. तोड आली, टोळीने मोळ्या बांधल्या, ट्रॅक्टरवाल्याने काट्यावर आणल्या, मग त्या गव्हाणीत पडल्या. बगॅसवर बॉयलर पेटला. प्रत्येक गट निराळा, प्रत्येकाचा हिशेब निराळा. पण एक अडला की सगळे अडतात.

मुलगा विचारील, "दुसऱ्यानं काम बिघडवलं तर आपलं काय जातं?" त्याला सांगा, तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर घटत जाते. पाचट-माती गव्हाणीत गेली की उतारा पडतो. आणि दर ठरतो तो साऱ्या कारखान्याच्या उताऱ्यावर, एकेका शेताच्या नव्हे. म्हणजे एकाची हयगय सगळ्यांच्या बिलात उतरते, अन् एकाची मेहनतसुद्धा! १९५० साली लोणीला प्रवरेचा कारखाना सुरू झाला. त्यामागे विठ्ठलराव विखे पाटील हे शेतकरी आणि धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ. दोघांच्या वाटा निराळ्या, पण दोघांची गरज होती.

मात्र हे सांगताना एक गट आपण हमखास वगळतो, तो टोळीचा. "कोयते आले," एवढेच आपण म्हणतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपल्या मुलांना ठाऊकही नसते. त्या जोडीला कारखान्याचा शेअर नाही, सभेत मत नाही. खोपीवर राहिलेले त्यांचे पोर आपल्याच पोराच्या वयाचे. हंगामात त्याची गावाकडची शाळा सुटते.

म्हणून माझे म्हणणे इतकेच, की टोळी उतरली की त्या मुलांना हंगामापुरते आपल्या शाळेत बसवण्यासाठी गुरुजींना भेटा. जाताना आपल्या पोरालाही बरोबर न्या. दोन्ही मुले एका बाकावर बसली, तर सहकाराची व्याख्या पाठ करावी लागणार नाही.