यवन म्हणजे नेमके कोण?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, १९ फेब्रुवारी जवळ आली की शिवजयंतीसाठी तयार भाषणांची शोधाशोध सुरू होते. त्यातल्या पुष्कळ भाषणांत 'यवनांचा जुलूम' हे शब्द असतातच. मुलं पाठ करतात, आपण टाळ्या वाजवतो. पण आपल्या गोवंडीत ऐकणाऱ्यांमध्ये मुसलमान घरातली मुलंही असतात. हा शब्द कोणाला उद्देशून आहे, ते त्यांना बरोबर कळतं. माझं मत स्पष्ट आहे : आजच्या भाषणात हा शब्द नको.

मुळात यवन म्हणजे ग्रीक. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीकांचा मुलूख होता. त्यावरून इराणी लोक ग्रीकांना 'यौन' म्हणू लागले. प्राकृतात त्याचं 'योन' झालं, संस्कृतात 'यवन'. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक या योन राजाचं नाव आहे. इस्लामचा उदय त्यानंतर आठशेहून जास्त वर्षांनी झाला!

कार्ल्याला सहल नेता ना? तिथल्या चैत्यगृहाचे काही खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिलेत, तसे लेखच खांबांवर कोरलेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. आणि नाशिकच्या लेण्यातल्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णीने शक, यवन, पल्हव यांचा पाडाव केल्याचं लिहिलंय. म्हणजे दाते तेही आणि शत्रूही तेच.

पुढे बाहेरून आलेल्या कोणालाही हा शब्द लागू लागला, शेवटी मुसलमानांना चिकटला. कोशातही तो अर्थ आहे, हे कोणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. जुन्या बखरीत शब्द आला तर खोडू नका, समजावून सांगा. पण आज नवीन भाषण लिहिताना आदिलशाही, मुघल, जंजिऱ्याचा सिद्दी अशी नावं घ्यायला काय हरकत आहे? सरसकट 'यवन' म्हटलं की महाराजांच्या आरमारातला दौलतखानही शत्रूंत जाऊन बसतो. हा तर सरळ चुकीचा इतिहास झाला.

जाता जाता एक गंमत. युनानी दवाखान्याची पाटी मुलांनी रस्त्यात पाहिलेली असते. युनानी म्हणजे यूनानचं, अर्थात ग्रीसचं. हा शब्दही त्याच आयोनियातून आलाय. पुढच्या इतिहासाच्या तासाला मुलांना विचारून बघा, 'यवन' आणि 'युनानी' यांचं नातं कोणाला ओळखता येतं का.