सशाचा कोट आणि आपली जीवदया



लहान मुलांचं कुठलंही चित्रांचं पुस्तक उघडून बघा. अस्वल स्वेटर घालून नाश्ता करतंय, मांजरीने फ्रॉक घातलाय, सशाला कोट आहे आणि कोटाला बटणं आहेत. आपल्यापैकी बऱ्याच जणी अशी पुस्तकं मुद्दाम आणतात. मुलांना प्राण्यांची माया लागावी, जीवदया लहानपणीच रुजावी, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण मला वाटतं, मुलाला माया लागते ती त्या कोटाची. सशाची लागेलच असं नाही.

ही काही फक्त इंग्रजी पुस्तकांची गोष्ट नाही. आपल्या आज्यांनी सांगितलेला टोपीवाला उंदीर आठवा. त्याला एक चिंधी सापडते, ती तो धोब्याकडून धुऊन घेतो, रंगाऱ्याकडून रंगवून घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून घेतो आणि थेट राजाला चिडवायला जातो. ऐकताना मुलं खदाखदा हसतात. ही गोष्ट बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. गंमत ही गंमत म्हणून हवीच. प्रश्न एवढाच, की आपण तिलाच जीवदयेचा पाठ समजून बसतो का?

कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात यावर अभ्यास झाले आहेत. 2014 साली आलेल्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना अनोळखी प्राण्यांची पुस्तकं वाचून दाखवली. ज्या पुस्तकांत प्राणी माणसासारखे बोलत-वागत होते, ती ऐकलेल्या मुलांना त्या प्राण्यांची खरी माहिती कमी समजली. 2017 च्या दुसऱ्या अभ्यासात 'वाटून घ्यावं' ही शिकवण देणारी गोष्ट होती. माणसांची पात्रं असलेली गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले स्टिकर जास्त वाटले. कपडे घातलेल्या प्राण्यांची तीच गोष्ट ऐकलेल्या मुलांत ही वाढ दिसली नाही. म्हणजे प्राणीही नीट कळला नाही आणि शिकवणही पोचली नाही.

आता आपल्या पाठशाळेत काय शिकवतात ते बघा. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत प्रत्येक जीवाला सुखदुःख आहे. तो आपल्यासारखा दिसतो, गोड आहे, चहा पितो म्हणून त्याला जपायचं नाही. तो जीव आहे, एवढं पुरेसं आहे. चित्रांच्या पुस्तकांत कोट मिळतो तो बहुतेक ससा, अस्वल, मांजर यांना. गव्हातल्या किड्याला आणि मटारातल्या अळीला कोण कोट शिवणार? गहू निवडताना तो किडा अलगद बाजूला ठेवायचा, हे मूल पुस्तकातून नाही, आपल्या बोटांकडे बघून शिकतं.

खरी परीक्षा उंदराचीच होते. पुस्तकातल्या टोपीवाल्या उंदरावर मूल जीव टाकतं आणि स्वयंपाकघरात सिलेंडरमागे उंदीर दिसला की मोठी माणसं बाजारातून चिकट पुठ्ठा घेऊन येतात. त्यावर अडकलेला जीव तासन् तास तडफडून मरतो. मुलाने हे पाहिलं तर त्याने काय समजायचं? टोपी असली तर दया, नसली तर पुठ्ठा? आपल्या घरात तरी हा पुठ्ठा येऊ नये, असं माझं ठाम मत आहे. धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात, रात्री ओटा कोरडा, कचरा बाहेर, मोरीच्या पाइपाजवळचं भोक बुजवलेलं. तरीही आलाच तर साधा पिंजरा लावावा, वेळेवर बघावा आणि उंदीर बाहेर सोडून यावा.

आपल्या कथांमधले प्राणी आठवा. मेघकुमाराच्या पूर्वभवातला हत्ती हत्तीच आहे. वणव्यातून वाचायला सगळे प्राणी एका मोकळ्या जागी दाटीवाटीने जमतात. तो अंग खाजवायला पाय उचलतो, तेवढ्यात खाली एक ससा येऊन बसतो आणि हत्ती अडीच दिवस पाय टेकवत नाही. ना हत्तीच्या अंगावर अंगरखा, ना सशाच्या अंगावर कोट. तरी मुलं श्वास रोखून ऐकतात. तीर्थंकरांची लांछनंही तशीच: बैल, माकड, मगर, गेंडा, रेडा, डुक्कर, कासव, साप. यातले कितीतरी प्राणी 'गोड' नाहीत, तरी ते प्रभूंच्या चरणाशी आहेत.

आणि गंमत बघा, बिॲट्रिक्स पॉटर यांचा निळ्या कोटातला जगप्रसिद्ध ससा, 1902 सालचा पीटर, तोही कोटामुळेच जाळीत अडकतो. कोट टाकून देतो तेव्हा कुठे जीव वाचतो!

आपण भांडुपकर तर नशीबवान आहोत. हिवाळ्यात पंपिंग स्टेशनच्या बाजूला खाडीवर रोहित पक्षी येतात. ठाणे खाडीचं हे फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली घोषित झालं आणि 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. रविवारी सकाळी ओहोटीची वेळ बघून मुलांना घेऊन जा. चोच उलटी धरून चिखलातलं पाणी गाळणारा तो पक्षी दाखवा. त्याचा गुलाबी रंग फ्रॉकचा नाही, त्याच्या खाण्यातून येतो आणि त्याची पिल्लं करडी असतात, हे सांगा. मग बघा किती प्रश्न विचारतात ते!

कोटवाल्या सशाचं पुस्तक घरात राहू दे. फक्त ते मिटल्यावर मुलाला एक विचारत जा: खरा ससा कुठे राहतो, काय खातो, कशाला घाबरतो? मुलाला खऱ्या सशाची भीती कळली, की दया शिकवायचं निम्मं काम झालं.